देवाजींच्या घरची सहाण

मी एक जुनी सहाण आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा स्वभाव हेवेखोर आहे. दगडाला कसला स्वभाव, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या दगडावर वर्षानुवर्षं चंदन उगाळलं गेलं आणि ज्याला स्वतःला एकदाही कोणी गंध लावलं नाही, त्याला स्वभाव येतोच. अंग माझं झिजायचं, वास मात्र देवाला लागायचा.

एका पाथरवटाने मला घडवलं आणि आंभोऱ्याच्या जत्रेत विकायला ठेवलं. तिथे देवाजी नावाच्या शेतकऱ्याने मला उचललं, पंच्यात गुंडाळलं आणि कुहीजवळच्या आपल्या गावी नेलं. देवाजींची धानाची शेती होती. सकाळी अंघोळ करून ते देवापुढे बसायचे, त्यांची बायको अंजनाबाई माझ्यावर चंदन उगाळून द्यायची, आणि कपाळाला गंध लावून देवाजी अनवाणी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरायचे. संध्याकाळी घरी भजन असायचं. दारावरून जाणारा माणूस भजनाला थांबला की त्याच्या कपाळाला गंध आणि पानात भात ठरलेला.

नागपूरला मोठी धम्मदीक्षा झाली, त्यानंतरची गोष्ट. शेजारच्या बांधीवरची भीमाबाई दीक्षा घेऊन आली होती. नेहमीप्रमाणे ती अंगणात आली, पण गंधाची वाटी पाहून मागे सरकली. देवाजींनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "गंध नको तं नको. पण भात खाल्ल्याशिवाय जाऊ नको वं."

भीमाबाई जेवून गेली आणि पुढेही येत राहिली. या घराची भक्ती अशी होती. ती मी जवळून पाहिली आहे, म्हणून तर पुढे माझा इतका जळफळाट झाला.

देवाजींना दोन मुलं, मधुकरराव आणि तुळसा. तुळसाचं लग्न झालं, पण दुसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्याला शेतात साप चावला आणि ती माहेरी परत आली. अंजनाबाईने चंदनाचं खोड तिच्या हातात दिलं. त्या दिवसापासून मी तुळसाबाईची झाले. तिचा हात हलका होता. पाणी किती, दाब किती, सगळं तिला बरोबर कळायचं. घरात तिचं असं दुसरं काहीच नव्हतं.

मग मधुकररावांची बायको जिजाबाई सून म्हणून घरात आली. नवीन असताना एका सकाळी तिने मला पुढे ओढलं. तुळसाबाईने मला तिच्या हातून काढून घेतलं आणि म्हणाली, "हे माह्यं काम हाय, वहिनी. तू चूल पाहा." जिजाबाई चुलीकडे गेली. त्यानंतर तिने मला कधी हात लावला नाही.

जिजाबाईला मुलगा झाला, अंकुश. तो रांगायला लागला तो थेट माझ्याकडे. तुळसाबाई चंदन उगाळता उगाळता भजन म्हणायची, आणि तो बोबड्या आवाजात तिच्यामागे म्हणायचा. पहिलं गंध देवाला, दुसरं त्याला. ताप आला की तो "आत्या, आत्या" करायचा. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात जिजाबाई उभी असायची. हातातली परात ती जरा जोरातच खाली ठेवायची. मला वाटायचं, परात जड असेल.

मित्रांनो, तोच अंकुश पुढे मोठा होऊन प्रवचनं करू लागला. आधी गावात, मग नागपुरात. लोक त्याला अंकुशमहाराज म्हणू लागले. शहराबाहेर आश्रम उभा राहिला, आणि देवाजी, अंजनाबाई, मधुकरराव एकेक करून गेल्यावर या दोघी बायकाही आश्रमात राहायला आल्या. तुळसाबाईच्या मांडीवर मीही आले.

आश्रमात पूजेला पुजारी होता. त्याच्याकडे डबीतलं तयार गंध होतं. तुळसाबाईचे गुडघे धरले, तिला खाली बसणं जमेना. एका उन्हाळ्यात मागच्या खोलीतला कूलर डुगडुगत होता, तर कोणीतरी मला त्याच्या पायाखाली सरकवलं. तुळसाबाईने मला खूप शोधलं. मग तिने नाद सोडला. खोड मात्र तिने फडक्यात बांधून आपल्या पेटीत ठेवलं.

आणि त्याच सुमारास आल्या त्या पादुका!

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका भक्ताने चांदीच्या पादुका घडवून आणल्या. काचेची पेटी झाली, आत मखमल, वर दिवा. हळूहळू लोक म्हणू लागले की या महाराजांच्या आजोबांच्या पादुका आहेत. देवाजींच्या! ज्यांनी पायात कधी काही घातलं असेल, तर बांधीतला चिखल! कूलरखालून मला त्या पेटीचा फक्त उजेड दिसायचा. लोकांचं नमस्कार करणं ऐकू यायचं. माझ्यावर कूलरचं पाणी ठिबकायचं आणि मी आतल्या आत जळायचे.

गेल्या हिवाळ्यात आश्रमात पूर्वजांचं दालन बांधलं. भिंतीवर मोठा वंशवृक्ष रंगवला. खाली देवाजी आणि अंजनाबाई, वर मधुकरराव आणि जिजाबाई, सगळ्यांत वर महाराज. तुळसाबाईचं नाव कुठेच नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी मांडव पडला, काटोलच्या भक्तांनी संत्र्यांची पोती आणली. खुर्च्यांना जागा हवी म्हणून मागच्या खोलीतला कूलर उचलला, आणि मी उघडी पडले.

तुळसाबाई तिथेच बाजेवर बसली होती. व्यवस्था पाहणारी हर्षा तिला न्यायला आली. "आत्याबाई, चला ना. सगळे जमले."

"मी काहून येऊ?" तुळसाबाई म्हणाली. "भिंतीवर माह्यं नाव हाय का?"

हर्षा ओशाळली आणि निघून गेली. तेव्हा तुळसाबाईची नजर माझ्यावर पडली. तिने वाकून मला उचललं आणि कूलरच्या गंजाचा डाग पदराने पुसला. मला स्टुलावर ठेवून तिने आपल्या पेटीतलं खोड काढलं आणि थोडं पाणी शिंपडलं. किती वर्षांनी माझ्या अंगाला तो गारवा लागला!

एवढ्यात काठी टेकत जिजाबाई आत आली. अंगावर नवं लुगडं, गळ्यात हार. आज तिचा 'मातोश्री' म्हणून सत्कार होता.

"मले न्यायला आली?" तुळसाबाई वर न पाहता म्हणाली. "जा, तुह्या सत्काराले जा."

जिजाबाई गेली नाही. ती बाजेच्या कडेला बसली आणि माझ्याकडे पाहत राहिली. "बाई," ती म्हणाली, "मले एक बार घासू द्या ना."

तुळसाबाईचा हात थांबला. "तुले? तू त्याची माय हायस. तुले काय कमी पडलं?"

"माय नावाची. ताप आला का तो तुमचं नाव घे. घर सोडलं तवा पहिले तुमच्या पाया पडला. मी दारात उभी होती, तुमी पाह्यलं नाही. सारी उमर ह्या दगडापायी जळून राहिली मी."

मित्रांनो, मी चांदीचा हेवा करत बसले होते, आणि इकडे एक बाई आयुष्यभर माझा हेवा करत होती. परात जड नव्हती तर.

"अन् अजून एक सांगतो," जिजाबाई म्हणाली. "हर्षानं विचारलं होतं, आत्याबाईचं नाव कुठं लिवायचं म्हणून. मीच म्हटलं, ननंद का वंशात येते?"

बाहेर लाऊडस्पीकर खरखरत होता. तुळसाबाईने खोड मुठीत घट्ट धरलं. मला वाटलं, आता ती पूर्वीसारखीच मला ओढून घेणार. तिचा चेहरा लाल झाला होता.

"लय वाईट केलं तू, वहिनी," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"अन् मीबी तुले हात लावू देल्ला नाही. माह्यापाशी दुसरं होतंच काय?" असं म्हणून तिने खोड जिजाबाईच्या हातात ठेवलं. "धर. पाणी कमी घे. जोर नोको लावू, गोल फिरव."

माझ्या जन्मात इतकं वेडंवाकडं कोणी चंदन उगाळलं नसेल. जिजाबाईच्या हातातून खोड घसरत होतं, गंध कुठे घट्ट तर कुठे पाणीच पाणी. तुळसाबाई "अशी नाही वं, अशी" म्हणत तिचं मनगट धरत होती. जिजाबाई रडत होती आणि उगाळत होती.

आईला शोधत महाराज दारात आले. दोघींना एका बाजेवर पाहून ते थबकले. मग भगव्या वस्त्रांचा घोळ सावरत जमिनीवर बसले.

"कोणं उगाळलं वं हे?" त्यांनी विचारलं. प्रवचनातली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"तुह्या मायनं," तुळसाबाई म्हणाली.

जिजाबाईने बोट बुडवलं आणि मुलाच्या कपाळाला गंध लावलं. ते भुवयांपर्यंत ओघळलं. महाराजांनी ते पुसलं नाही. मान खाली घालून ते म्हणाले, "आत्या, त्या भिंतीवर तुहं नाव नाही, हे मी पाह्यलं होतं. मायले वाईट वाटीन म्हणून बोललो नाही. तुले काय वाटीन, त्याचा विचार केला नाही."

"आता कर," आत्या म्हणाली.

दालनाचा पडदा उघडण्याआधी जिजाबाई काठी टेकत भिंतीपाशी गेली. तिला लिहिता येत नाही. मधुकररावांच्या नावाशेजारी तिने गंधाचं बोट टेकवलं आणि हर्षाला म्हणाली, "इथं लिव. तुळसाबाई." हर्षाने त्याच गंधाने अक्षरं काढली. पुढच्या आठवड्यात पेंटरने ती पक्की केली.

पादुकांचं म्हणाल, तर त्या अजून काचेतच आहेत. मात्र महाराजांनी भर सभेत सांगितलं की त्या एका भक्ताने प्रेमाने दिल्या आहेत, आजोबा तर अनवाणी चालायचे. तरी लोक पादुकांपुढेच आधी वाकतात. हर्षाने मलाही काचेत ठेवायचं सुचवलं होतं, तेव्हा दोघी म्हाताऱ्या एकदमच "नाही" म्हणाल्या. रोज सकाळी स्टुलावर मला ठेवून त्या आज कोणाची पाळी यावर भांडतात. मला ऐकायला फार आवडतं.

हेवा माझा पूर्ण गेलाय असं मी खोटं सांगणार नाही. मखमल पाहिली की अजून जरा चुरचुरतं. पण मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू असेल, जी एकाच माणसाच्या हातात असते. तिला माळ्यावर टाकू नका, काचेतही कोंडू नका. ती आणखी कोणाला हवी आहे का, हे घरातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांत पाहून विचारा. विचारायला उशीर करू नका. आमच्या घरी फार उशीर झाला होता.