साडेअकराची चाचणी

आमच्या दाजींना गाडीवरून उतरवलंत ते तुम्ही. तेलाच्या मागणीवर काट मारलीत ती तुम्ही, आणि अपघात झाल्यावर हात वर केलेत तेही तुम्हीच. तीनही कागदांवर सही एकच आहे. नाव घालत नाही, ज्याचं त्याला कळेल.

मी या उंच डोंगरावरच्या रुग्णालयाच्या वाहन विभागात मेकॅनिक आहे. शाळा नववीपर्यंत. पुढचं गाड्यांनी शिकवलं, आणि लिहायला तुमच्या मेमोंनी. खुलासे देता देता हात बसला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एकोणीस वर्षं याच विभागात ड्रायव्हर. डायलिसिसचे पेशंट सकाळी घरून उचलून आणायचे आणि दुपारी घरी सोडायचे, हे त्यांचं काम. पहिली फेरी साडेसहाला निघते. थंडीत त्या वेळी काचेवर दव गोठलेलं असतं, आणि दाजी ते जुन्या ओळखपत्रानं खरवडून काढतात. काढायचे.

आता तेलाचं सांगतो, कारण चौकशीत ते कुणी विचारलंच नाही. व्हॅनच्या कंपनीच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी पातळ तेल लिहिलंय. डब्यावर पंचाहत्तर-ऐंशी असा आकडा असतो. मोठ्या ट्रकना ऐंशी-नव्वद लागतं, ते जाड. दोन वर्षांपूर्वी तुम्ही ठरवलंत की विभागात पिंप एकच येईल. जाडाचं. मी पातळ तेलाची लेखी मागणी घेऊन वर आलो, सांगितलं, की साहेब, व्हॅनला हे थंडीत जड जाईल. तुम्ही मान वर न करता तिच्यावर काट मारलीत आणि म्हणालात, "गिअरबॉक्स तो गिअरबॉक्स. तेल तेच."

तेल तेच नसतं, साहेब. गिअर बदलताना आत एक पितळी कडी असते, ती फिरणाऱ्या दोन दातेरी चाकांचा वेग जुळवते. वेग जुळला की गिअर पडतो. जुळवायला कडीला चाकावरचं तेल बाजूला सारून घट्ट धरावं लागतं. सकाळी साडेसहाला ते जाड तेल बाजूला सरत नाही. पिंपाचा नळ उघडला तर धार पडायच्या ऐवजी लोंबकळत बसतं. मग कडी घसरते, आणि गिअरचा दांडा हातात दगडासारखा अडतो. पहिला पडतो, कारण गाडी उभी असते. घोडं अडतं ते दुसऱ्यावर. तासाभरानं तेल तापलं की दोन बोटांनी पडतो, जसं काही झालंच नव्हतं.

दाजी यावर चेष्टा करायचे. ताईसमोर म्हणायचे, "घरी पहिली, गाडीत दुसरी. दोघींपैकी ऐकत कुणी नाही."

ताई म्हणायची, "पहिलीला तापवायला लागत नाही, तापलेलीच असते. तिचं बघा आधी."

दुसरीला तापवण्याची त्यांची पद्धत होती. सहा वाजता येऊन गाडी चालू करायची, न्यूट्रलवर ठेवून क्लच सोडायचा. आतली चाकं फिरतात, तेल घुसळलं जातं. वीस मिनिटं असं केलं की निदान दुसरा कुरकुरत का होईना, पडायचा. या हिवाळ्याच्या तोंडावर तुमचं परिपत्रक आलं, की उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नये, डिझेल वाया जातं. दाजींनी ते वाचलं, सही केली आणि पाळलं. त्यांची चूक विचाराल तर ही एवढीच, की ते तुमचं ऐकत आले.

त्या सकाळी गाडीत एकच पेशंट होत्या. निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाई म्हणतात. घर चढाच्या पायथ्याशीच, त्यामुळे तेल तापायला वेळच मिळाला नव्हता. रुग्णालयाच्या मागच्या चढावर दाजींनी पहिल्यातून दुसरा टाकायला घेतला. पडला नाही. डबल क्लच केला, म्हणजे मधे न्यूट्रलला आणून क्लच दोनदा दाबला, तरी पडला नाही. तेवढ्यात वेग मेला. गाडी थांबली आणि मागे सरायला लागली. त्यांनी ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण रस्त्यावर पातळ बर्फ होता, थांबलेल्या चाकांसकट गाडी घसरत गेली आणि मागच्या भिंतीवर आपटली. बाई सीटवरून खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं.

चौकशीत तुम्ही विचारलंत, "पहिल्यातच का नाही चढवली?"

दाजी म्हणाले, "बर्फावर पहिल्यात चाकं जागीच फिरतात, साहेब. दुसऱ्यातच चढते."

"म्हणजे तुम्ही गिअर रेटला."

"टाकायला बघितला."

"तेच ते," म्हणालात आणि लिहून घेतलंत.

मी खालून अहवाल पाठवला. तेल चुकीचं आहे, थंड गाडीत दुसरा पडत नाही, स्वतः हात लावून बघा, असं लिहिलं. आणि खरं सांगतो, तुम्ही बघायला येतो म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, हा माणूस एकदा दांडा हातात धरेल, त्याला कळेल, दाजी सुटतील. तुम्ही वेळ दिलीत साडेअकराची. ऑफिस साडेदहाला उघडतं, त्यात चहा वगैरे, म्हणून साडेअकरा. मी म्हटलं, ऊन येतं, पण गाडी सावलीतल्या शेडमध्ये रात्रभर उभी आहे, निम्मी तरी थंड राहील.

आता जे लिहितो ते तुमच्या चौकशीच्या कुठल्याच कागदावर नाही.

आमच्या विभागात रीत आहे. साहेब गाडीत बसणार असले की आधी मेकॅनिकनं एक चक्कर मारायची. गाडी पुसायची, काच स्वच्छ करायची, सीट पुढे-मागे करून बघायची आणि गरम करून पोर्चमध्ये आणून लावायची. साहेबाच्या हातात थंड गाडी द्यायची नाही. सोळा वर्षं मी हे करतोय. कुणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप तिकडे वळतात.

अकरा वाजता शिपाई आला. म्हणाला, "साहेब अर्ध्या तासात उतरतायत, गाडी पोर्चला लावा."

मी गाडी काढली. आवारातून बाहेर पडून नेहमीची मोठी चक्कर मारली, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आलो. सुरुवातीला दोन-तीन वेळा दुसरा अडला, मी मनात दोन शिव्या घातल्या आणि नीट हळूहळू टाकत राहिलो. परत येईपर्यंत लोण्यासारखा पडत होता. पोर्चमध्ये लावली, दार पुसलं, किल्ली तुमच्या हातात दिली.

तुम्ही बसलात. पहिला, दुसरा, तिसरा. पुन्हा दुसरा. आवारात एक फेरी मारून उतरलात.

"कुठे अडतोय?" म्हणालात.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडलं, पण काय सांगणार होतो? की मी आत्ताच तापवून आणली? तुमच्यामागे दोन क्लार्क उभे होते, त्यातला एक हसत होता. मी किल्ली परत घेतली. तुम्ही बोनेटवर कागद ठेवून लिहिलंत: वाहनात दोष आढळला नाही. चालकाची हाताळणी.

दाजी आता गेटवर बसतात. आत येणाऱ्यांची नावं वहीत लिहितात. खुर्चीवर बसलेले असताना एखादी गाडी गेटातून चढायला लागली, की त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जातो. त्यांना कळत नाही, मला दिसतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या घरी, ताईसमोर. तिच्यापासून लपवून कुणाचा फायदा नव्हता.

दाजींनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेबांना थंड गाडी देतात का कुठे? मीही तापवूनच दिली असती, मेव्हणे."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "एकोणीस वर्षांत यांच्या गाडीला ओरखडा नाही. तुला एक दिवस गाडी न पुसता राहता आलं नाही?"

"ताई, सवय..."

"सवयीचं मला सांगू नकोस. माझा नवरा गेटवर वही घेऊन बसलाय, त्याला सवय सांग."

ती आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ते मी सोसतो, तो माझा वाटा आहे. सोसवत नाही ते वेगळंच. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गेटवर दाजींच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी वही मिटली आणि हळूच विचारलं, "मेव्हणे, खरं सांगा. मीच रेटला असेन का?"

मी म्हटलं, "काय बोलताय, दाजी?"

"नाही म्हणजे, हात जड झाला असेल. वय झालं. साहेबांनी बसून बघितलं, त्यांच्या हातात पडला ना."

एकोणीस वर्षं ज्या माणसाचा हात दांड्यावर होता, त्याला आता स्वतःच्या हाताचा भरवसा नाही. गाडी काढून घेतलीत ती घेतलीत, हेसुद्धा घेतलंत. आणि त्यात माझाही हात लागला, हे मी इथे लिहून देतो. हवं तर माझ्यावर कारवाई करा. गाडी मी तापवली, म्हणून तुमची चाचणी खोटी ठरते.

हेच सगळं मी अर्जात लिहिलं. फेरचाचणी मागितली, सकाळी साडेसहाची. व्हॅन रात्रभर उघड्यावर उभी असेल, किल्लीला कुणी हात लावणार नाही. बाईंनीही पलंगावरून चार ओळी लिहून दिल्या, की ड्रायव्हरनं ब्रेक दाबलेला मी पाहिला. दोन्ही कागद जोडून दिले. आठ दिवसांनी उत्तर आलं: कार्यालयीन वेळेपूर्वी चाचणी घेता येत नाही. प्रकरण बंद.

पेशंट कार्यालयीन वेळेपूर्वी आणता येतात. ड्रायव्हर सहाला येऊ शकतो, मेकॅनिक येऊ शकतो, बाई सुई टोचून घ्यायला त्याच थंडीत निघू शकतात. पिंप अजून तेच आहे. दाजींच्या जागी आलेला नवीन ड्रायव्हर काल मला म्हणाला, "दुसरा पडत नाही हो." मी त्याला म्हटलं, लेखी दे. तो म्हणाला, "म्हणजे मलाही गेटवर बसवतील." त्याचं बरोबर आहे.

उद्यापासून थंडी आणखी वाढणार आहे. व्हॅन उघड्यावर लावलीय. तुम्ही एकदा सकाळी साडेसहाला या, गाडीत बसा, चढावर घ्या आणि आपल्या हातानं दुसरा टाका. पडला, तर मी राजीनामा देतो आणि दाजींना सांगतो की हो, तुम्हीच रेटला. नाही पडला, तर 'चालकाची हाताळणी' हे वाक्य तुम्ही खोडा आणि गेटवर येऊन त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा.

येताय का? तारीख सांगा. येत नसाल, तर का येत नाही ते लिहा, आणि खाली सही करा.