उजवीकडचा गिअर

त्याला सगळे ‘कंपनी’ म्हणत. खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला तसं ते लोकांच्या तोंडूनही उडालं. हा माणूस जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायचा, आणि कुणी गिऱ्हाइकाने जरा काही बदल सुचवला की ठरलेलं वाक्य ऐकवायचा, “कंपनीने केलंय ते विचार करूनच केलंय.” आरसा थोडा वर घ्या म्हटलं तरी हेच, हॉर्न दुसरा बसवा म्हटलं तरी हेच. शेजारच्या टायरवाल्याने एकदा विचारलं, “काय हो, जेवणाचा डबा उघडायलाही कंपनीची परवानगी लागते का?” तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

हाताचा मात्र पक्का. इंजिनावर कान न ठेवता, नुसतं रस्त्यावरून जाणारी गाडी ऐकून तिचं दुखणं सांगायचा. गाडीच्या मूळ भागाला भोक पाडणं त्याच्या लेखी पाप होतं. गिऱ्हाइकं कुरकुरायची, दोन शब्द ऐकवायची, आणि पुन्हा त्याच्याच दारात यायची. असा माणूस हट्टी होतो यात नवल नाही. चांगल्या हाताचा हट्ट लोक खपवून घेतात, आणि मग त्या माणसाला वाटायला लागतं, आपण बरोबरच आहोत.

त्याला एक धाकटा भाऊ होता, बारा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा याने त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारती-इमारतींतून दिवसभर फिरणं, त्यासाठी ऑफिसची साधी मोटरसायकल. त्याची बायको पोस्टात कामाला. दर रविवारी दुपारचं जेवण कंपनी त्यांच्याकडे जेवायचा, आणि आठवड्यात तेवढं एकच जेवण तो मुकाट्याने न जेवता गप्पा मारत जेवायचा.

ती इटालियन गाडी दोघा भावांनी मिळून उभी केली होती. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे, गवतात पडलेली, पन्नास वर्षांपूर्वीची. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, कमरेवर हात ठेवून कुणी बाई उभी असावी तसे. चार वर्षांचे रविवार त्यात गेले. वायरिंग सगळं धाकट्याने केलं, इंजिन आणि गिअरबॉक्स थोरल्याने. एकेक नट मूळचा मिळेपर्यंत काम अडवून ठेवायचं, पण भलतं काही लावायचं नाही. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी कंपनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धूर फार झालाय, असं त्याने सांगितलं.

गाडी धाकट्याला द्यायची हे आधीच ठरलेलं. फक्त एक गोष्ट होती. या गाडीचा गिअर उजव्या पायाखाली आणि मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. त्या काळी तिकडे तसंच असे. आजच्या गाड्यांना नेमकं उलटं, म्हणजे धाकट्याच्या ऑफिसच्या गाडीलाही उलटंच. शिवाय हिचा गिअर पायाने खाली दाबला की वरचा पडायचा.

“दादा, गिअर डावीकडे घेऊन दे ना,” धाकटा म्हणाला. “आडवा दांडा टाकून करता येतं. सहा दिवस ऑफिसच्या गाडीची सवय, एक दिवस हिची. ऐन वेळी पाय चुकायचा.”

“कंपनीने केलंय ते विचार करूनच केलंय.”

“त्यांनी माझा विचार नव्हता केला रे.”

“आडव्या दांड्यासाठी गिअरबॉक्सच्या केसिंगला भोक पाडावं लागेल. मी नाही पाडणार. पायांना शिकव की. दोनच तर आहेत.”

टायरवाला खो खो हसला. धाकटाही हसला. आणि दोन महिन्यांनी म्हणाला, झाली बरं का सवय.

पुढे पाच महिन्यांनी, भर दुपारी, एका वळणावळणाच्या गल्लीत लाकडाच्या वखारीतून एक ट्रक मागे येत होता आणि धाकटा त्याच्या मागच्या लोखंडी पट्टीवर जाऊन आदळला. त्याचा उजवा पाय पट्टी आणि सिलिंडरच्या मधे सापडला. डॉक्टरांनी गुडघ्याखालून काढला.

शुद्धीवर आल्यावर त्याने सगळ्यांना एकच सांगितलं. “चूक माझीच. जोरात होतो, आवरली नाही.”

बायकोने त्याची सेवा केली, रजा संपेपर्यंत उशाशी बसली, पण तिचा राग काही गेला नाही. जाणार तरी कसा? घरात सहा वर्षांची मुलगी, आणि बाप हौसेपायी पाय घालवून बसलेला. आता तो लिफ्टच्या ऑफिसात खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारींचे फोन घ्यायचा. रविवारी वाढता वाढता ती म्हणायची, “वारा प्यायचा होता ना? प्यायलास.” धाकटा खाली मान घालून जेवत राहायचा. एकदा तर कंपनीनेही तिची री ओढली. “अरे, गल्लीत इतक्या जोरात चालवायची कशाला?” तेव्हा धाकट्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं, क्षणभरच. मग त्याने भाजी मागून घेतली.

गाडी वर्षभर गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. अपघाताच्या दिवशी टायरवाल्याने, गिअर सुटेना म्हणून, क्लच दोरीने बांधून ती ढकलत आणली, तेव्हापासून कुणी तिला हात लावला नव्हता.

वर्षाने एका सकाळी धाकटा कृत्रिम पायावर चालत गॅरेजात आला. एकटा, काठीशिवाय.

“दादा, मला ती परत चालवायची आहे.”

कंपनीने हातातलं काम खाली ठेवलं. “घरी विचारलंस?”

“विचारलं. म्हणाली, कर काय करायचं ते, मला सांगू नकोस. गिअर डावीकडे घे. मला आता एकच पाय आहे, त्याला जे येतं तेच दे. मागचा ब्रेक हँडलवर, डाव्या अंगठ्याखाली. तसा लिव्हर मिळतो.”

कंपनीने नुसती मान डोलावली. त्याचं ते वाक्य त्या दिवशी त्याच्या तोंडात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ताडपत्री काढली. आधी पुढचं चाक पाहिलं. पुढचे दोन्ही पाइप किंचित मागे वाकलेले, रिम मात्र गोल. त्याने पट्टी लावून मोजलं आणि तो थांबला. जोरात आदळलेल्या गाड्या त्याने आयुष्यात कमी पाहिल्या नव्हत्या. त्यांचं पुढचं चाक इंजिनात घुसलेलं असतं. ही गाडी फार तर सायकलच्या वेगाने आदळली होती. पायाचं तसं झालं ते वेगाने नव्हे, ट्रक मागे येतच राहिला म्हणून.

मग जोरात होतो, असं तो का म्हणाला?

हे सगळं वर्षापूर्वीही दिसलं असतं. त्याने पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर पाहायची छाती झाली नव्हती.

उजव्या बाजूचा गिअरचा दांडा ट्रकच्या धक्क्याने मुळापासून तुटला होता, त्यामुळे तेव्हापासून गिअर बदलणं कुणाला शक्यच नव्हतं. अपघाताच्या क्षणी गाडी ज्या गिअरमध्ये होती, त्याच गिअरमध्ये ती अजून होती. त्याने तेल काढलं, बाजूचं झाकण उघडलं, बॅटरीचा उजेड आत टाकला.

पाचवा.

त्याने मागचं चाक हाताने फिरवून पुन्हा पाहिलं. पाचवाच. आणि गिअर ढकलणाऱ्या पोलादी पंजाचं टोक उडालेलं होतं. साध्या गिअर बदलण्याने ते टोक कधी उडत नाही. त्यासाठी सगळं अंग पायात आणून दाबावं लागतं.

त्या गल्लीत, दोन वळणांच्या मधे, ही गाडी तिसऱ्याच्या वर जाऊच शकत नव्हती. इतक्या हळू पाचवा कुणी टाकत नाही. म्हणजे तो तिसऱ्यात होता, समोर ट्रक आला, आणि त्याने उजव्या पायाने ब्रेक दाबला. त्या पायाला सहा दिवस जिथे ब्रेक मिळायचा तिथे. गाडी थांबायच्या ऐवजी चौथा पडला. त्याने आणखी जोराने दाबला. पाचवा पडला.

दोनदा दाबला होता पोराने.

कंपनी स्टुलावर बसला. गॅरेजच्या दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, काहीतरी विचारून गेलं. त्याने काय उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही. हातातला बॅटरीचा उजेड जमिनीवर पडत होता आणि तो विझवायचंही त्याला सुचत नव्हतं.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर धाकटा काम बघायला आला. उघडं झाकण पाहिलं आणि दारातच थबकला.

“पाचव्यात आहे,” कंपनी म्हणाला.

धाकट्याने बाजूला ठेवलेलं झाकण उचलून त्याच्यापुढे धरलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? लाव ते झाकण.”

“तू म्हणाला होतास, सवय झाली.”

“झालीच होती. तेवढ्या वेळेला नव्हती.” तो हळूच बाकावर बसला. “दादा, झालं ते झालं. कुणाला बोलू नकोस. तिला तर मुळीच नको.”

“ती तुला वर्षभर बोलतेय. मीही बोललो.”

“मग? माझी बायको आहे, बोलेल. सवय झालीय मला.”

कंपनीने झाकणाकडे पाहिलं. हे दार अजून बंद करता येण्यासारखं होतं. आठ स्क्रू, झाकण, तेल. धाकटा तोंड उघडणार नव्हता, ट्रकवाल्याला माहीत नव्हतं, आणि गिअरबॉक्स वाचू शकणारा माणूस या गावात एकच होता. रविवारचं जेवण चालू राहिलं असतं. पुतणी मांडीवर येऊन बसली असती. ते सोडून त्याला दुसरं होतं तरी काय? आपल्याला ते किती हवं आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

भावजय पोस्टातून सुटली की नवऱ्याला घ्यायला येई, बस दोघांची एकच होती. ती आली ती गॅरेजच्या बाहेरच उभी राहिली. गाडीकडे तोंड करून उभं राहायलासुद्धा तिला नको असे.

“आत ये जरा,” कंपनी म्हणाला.

“दादा, नको,” धाकटा म्हणाला.

“काय नको?” ती आत आली.

कंपनीने हात पुसले. पुसून झाल्यावरही तो फडक्याला हात पुसतच राहिला. “त्या दिवशी हा जोरात नव्हता,” तो म्हणाला. “अगदी हळू होता. त्याने ब्रेक दाबला, पण दाबला तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. दोनदा दाबला. इथे दिसतंय. तो मला आधीच म्हणाला होता, बाजू बदलून दे, माझा पाय चुकेल. मी नाही म्हटलं. चार माणसांत त्याची थट्टा केली. जे झालं ते माझ्यामुळे झालं.”

ती उघड्या गिअरबॉक्सकडे बघत राहिली. त्यातलं तिला काही कळत नव्हतं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“खरं?”

धाकटा जमिनीकडे बघत होता.

“मी तुला वर्षभर बोलतेय,” ती म्हणाली. “पोरीसमोर बोलले. माझ्या आईसमोर बोलले. तुझा पाय धुताना बोलले. आणि तू हूं की चूं केलं नाहीस?”

“पाय गेलाच होता,” धाकटा म्हणाला. “दादाही घालवू का?”

तिचे डोळे एकदम भरून आले. पण आवाज ताठ ठेवून ती कंपनीला म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर थांबा.”

तो स्वतःच्या गॅरेजातून बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. टायरवाला म्हणाला, “काय कंपनी, आज बाहेर?” तो म्हणाला, “आत काम चाललंय.” आतून तिचं रडणं ऐकू येत होतं आणि मधूनच धाकट्याचा हलका, समजावणीचा आवाज. टायरवाल्याने पुढे काही विचारलं नाही. उलट आत जाऊन हवा भरायच्या मशीनचा आवाज चालू केला, ऐकू जाऊ नये म्हणून.

बऱ्याच वेळाने ती दारात आली. डोळे सुजलेले.

“दादा, तुमचा मला फार राग आलाय,” ती म्हणाली. “इतक्यात जेवायला येऊ नका. जाईल तेव्हा जाईल, मी सांगेन.”

“हो.”

“पण त्याच्यावर जो काढला, तो आता परत कसा घेऊ? ते सांगा मला.”

तिने थोडा वेळ वाट पाहिली, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखी. मग ती वळून आत गेली. धाकटा बाकावरच होता. ती त्याच्या शेजारी, तेलकट बाकावर, पोस्टाच्या कपड्यांनिशी बसली.

“कुठे येणार ब्रेक?” तिने विचारलं. “दाखव मला.”

धाकट्याने हात लांब करून हँडल धरलं, डावा अंगठा खाली दाबून दाखवला. तिने त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. मग पुन्हा एकदा दाबला.

कंपनीला कुणी आत बोलावलं नाही. बसची वेळ होईपर्यंत तो दाराबाहेर उभा राहिला.