बाबांच्या दाढेतली चांदी

मी एका शिंप्याच्या खालच्या दाढेत भरलेली चांदी बोलतेय. नाव चांदी, पण चकाकी कधीच गेली. बावीस वर्षं घास चावून चावून पार काळवंडलेय.

एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कीड काढून मला इथे दाबून बसवलं. तेव्हा शिंप्याची लेक सहा वर्षांची होती. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन यायची. "बाबा, आ करा. चांदी आहे का बघू." मी जागेवर दिसले की तिला हायसं वाटायचं. पुढे ती दातांचीच डॉक्टर झाली.

गेल्या महिन्यात कात्री शेजारी असूनही बाबांनी जाड दोरा दाढेखाली धरून तोडला. कट्! माझा एक कोपराच उडाला. कुणाला काही न सांगता ते दुसऱ्या बाजूने जेवू लागले.

आईच्या नजरेतून थोडंच सुटणार? "अहो, एकाच गालाने काय जेवताय? लेकीला फोन लावू?"

"नको गं, ती सगळंच उपटून काढेल."

आईने फोन लावलाच.

लेकीने त्यांना दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं. "कधी तुटलं?"

"कालच."

"बाबा!"

"...तीन आठवडे झाले."

मदतनीस बाईंनी आत डोकावून पाहिलं. "डॉक्टर, काठ काळा पडलाय. सगळं काढून नवंच भरायचं ना?"

मी दाढेला आणखी घट्ट चिकटले.

लेकीने घाई केली नाही. बारीक सळईने तिने माझा काठ न् काठ चाचपला, एक्स-रे काढला, तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "काळं दिसलं म्हणून कीड असतेच असं नाही. खाली कीड असती किंवा ही चांदी हलत असती, तर काढलीच असती. पण बाकीची घट्ट आहे. सगळी खोदायची तर तिच्यासोबत चांगला दातही थोडा जातो. दर वेळी खड्डा मोठा होतो. कोपरा तेवढा दुरुस्त करू."

"म्हणजे रफू!" बाबा उघड्या तोंडानेच म्हणाले.

"हो, रफू. आता गप्प बसा."

आता माझ्या कुशीला पांढऱ्या सिमेंटचा तुकडा आहे. नवखा आहे, पण गुणी आहे. बाबा पुन्हा दोन्ही गालांनी जेवतात.

लेकी, कधीतरी माझ्याखाली कीड शिरेल आणि एक्स-रेमध्ये तुला ती दिसेल. त्या दिवशी मला खुशाल काढ, मी कुरकुरणार नाही. फक्त हात हलका ठेव. ही दाढ मी बावीस वर्षं धरून ठेवलीय गं, ती तेवढी सांभाळ.