यंदा किती तोंडं धरायची

गवत कापून, वाळवून, पेंढ्या बांधून झाल्या की दादा तबेल्याच्या छपराला टेकलेल्या गंजीवर चढायचा, गुडघ्यानं दाबून बघायचा आणि वर बसूनच वर्षाचा अंदाज बांधायचा. हिरव्या दिवसांत घोडे बाहेर चरतात, तेव्हा थोडक्यात भागतं. थंडीत मात्र हात आखडून चालत नाही, कारण घोडा आतून शेकतो तो गवतावरच. आणि थंडी सरल्यापासून नवं गवत उगवेपर्यंतचे दिवस सगळ्यांत वाईट. गंजी तळाला जाते आणि भल्याभल्या गाडीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. दादाचा अंदाज कधी चुकत नसे, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे.

त्या वर्षी गंजी छपराला टेकलीच नाही. गाड्या दादा बघायचा, वैरण आणि खरारा धाकट्या बहिणीकडे. ती खाली मान उंचावून उभी राहिली.

"दादा, कमी आहे हे."

"बरोबर आहे."

"सहा जनावरांना?"

"पाचांना."

गाडीला जुंपायचे चार, एक म्हातारी घोडी आणि तिचं शेवटचं शिंगरू, ठिणगी. कोणाला वगळलंय ते विचारावं लागलं नाही. म्हातारीच्या दाढा झिजल्या होत्या; अर्धा घास ती चघळून खाली टाकायची.

"ती काही ही थंडी काढत नाही," दादा शिडी उतरत म्हणाला. "जी खायला राहणार नाही, तिच्यासाठी कशाला साठवू?"

बाहेर ऊन आहे की ढग, हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढेल. बघशीलच तू!"

मग ती हट्टालाच पेटली. म्हातारीसाठी गवत बारीक कापायचं, गरम पाण्यात भिजवायचं, टोपली तोंडापाशी धरून बसायचं. हे गवत यायचं बाकीच्यांच्या वाट्यातून. मूठभर काढलं तर कुणाचं काय जातंय, अशी तिनं मनाची समजूत घातली. थंडी वाढली तशी मूठही वाढली. दादा दिवसभर गाड्यांवर, आणि तो परतेपर्यंत सगळ्यांच्या अंगावर जाड झुली चढलेल्या असत. खरारा करताना बरगड्या तिच्या हाताला लागायच्या, ठिणगीच्या सगळ्यांत जास्त; वाढीचं वय तिचं. धाकटी झूल ओढून घ्यायची आणि पुढच्या जनावराकडे वळायची. खरं सांगायचं तर म्हातारी जगावी यापेक्षा दादा तोंडावर पडावा, हीच तिची जास्त इच्छा होती.

म्हातारी जगली.

पहिलं कडक ऊन पडलं तेव्हा दादानं स्वतःच झुली वाळत घालायला काढल्या. त्यानं म्हातारीकडे पाहिलं, मग एकेकाच्या बरगड्यांकडे, मग गंजीकडे. तळाची फरशी दिसायला लागली होती. बाहेर अजून हिरवं पातं नव्हतं. तो ओरडला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"एक जनावर काढावं लागणार," तो म्हणाला. "गाडीचे काढले तर आपण काय खायचं? आणि म्हातारीला कोण नेतंय?"

दगडखाणीवरचा माणूस आला. त्यानं ठिणगीचा जबडा उघडून पाहिला, खूर उचलून पाहिले आणि "नुसती हाडं आहेत, पण कामाला लागेल," असं म्हणून दोर हातात घेतला. ठिणगी पायाळू जन्मली होती. धाकटीनंच कोपरापर्यंत हात घालून तिला ओढून काढलं होतं. फाटकातून ती मान वळवून खिंकाळली. म्हातारीनं टोपलीतून तोंडही वर काढलं नाही. त्या क्षणी धाकटीला तिचा पहिल्यांदा तिरस्कार वाटला, आणि तो नंतरही गेला नाही.

पुढे गवत आलं, माजलं, कापलं, वाळलं. म्हातारी त्यावर चांगली तुकतुकीत झाली. दादा शिडीला हात लावून थांबला. आजवर त्यानं हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"यंदा किती तोंडं धरू?"

तबेल्यात पाच होती. धाकटीची चाहूल लागताच म्हातारी लाडानं फुरफुरली. दोघा भावंडांत ती लळा दाखवायची ते हिलाच.

"चार," धाकटी म्हणाली, आणि भिजवलेल्या गवताची टोपली उचलून तिला भरवायला गेली.