सावनीच्या कागदावरचं नाव

त्या कागदावर आपलंच नाव येणार याची आसावरीला इतकी खात्री होती, की तिने ते आधीच लिहून टाकलं होतं. पेन्सिलीने लिहिलं होतं, शाईने नाही, एवढा संयम मात्र तिने दाखवला होता.

कागद तसा साधा, दोन पानांचा. तिची मुलगी सावनी जूनमध्ये अठरा वर्षांची झाली. सावनीला जन्मापासून डाउन सिंड्रोम. मुलं अठरा वर्षांची झाली की टेक्ससमधले असे कितीतरी आईबाप कोर्टात जातात आणि मुलांचे सगळे निर्णय आपल्या हातात घेतात. आसावरी गेली नाही. तिने दुसरा रस्ता धरला. निर्णय सावनीचेच, फक्त कागद वाचून दाखवायला, डॉक्टरकडे सोबत बसायला, समजावून सांगायला एक मदतनीस. तो कोण, हे सावनीने ठरवायचं आणि सही करायची. त्यांच्या फ्रिस्को गावच्या मराठी मंडळात आसावरीने यावर वीस मिनिटं भाषण ठोकलं होतं. ‘आपल्या मुलांच्या वतीने बोलणं आता थांबवा,’ असं ती म्हणाली तेव्हा टाळ्या पडल्या आणि मागच्या रांगेत दोन काकूंनी डोळे पुसले. सावनी पहिल्या रांगेत बसली होती. तुला आवडलं का गं भाषण, असं कुणीतरी तिला विचारलं, तर ‘खूप आवडलं तिला,’ असं आसावरीनेच सांगून टाकलं.

तर शनिवारी सकाळी आसावरी, तिचा नवरा शंतनू आणि सावनी जेवणाच्या टेबलाशी बसले. आसावरीने कागद पुढे सरकवला आणि पेन सावनीच्या हातात दिलं. सावनीने एकेका शब्दाखाली बोट फिरवत पान वाचलं. बोट पेन्सिलीतल्या नावापाशी येऊन थांबलं.

“नो,” ती म्हणाली.

“काय नो? ते माझं नाव आहे बेटा. ममा.”

सावनीचे ओठ नुसते हलले. तिला बोलायला वेळ लागतो. आधी ओठ हलतात, मग डोळे वर जातात, मग शब्द येतो.

“तिला वाटतंय की शाळेचा फॉर्म आहे,” आसावरी शंतनूला म्हणाली.

“मोनामावशी,” सावनी म्हणाली.

शंतनूने चहाचा कप खाली ठेवला. आसावरीला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारावी तसं झालं.

मोना! समोरच्या अपार्टमेंटमधली, नागपूरहून तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागोमाग आलेली, व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून दिवसभर घरात असणारी मोना. जिला अजून हायवेवर गाडी घालायची भीती वाटते. आसावरीने चौदा वर्षं शाळेशी भांडण मांडलं होतं. सावनीला वेगळ्या खोलीत न बसवता इतर मुलांबरोबर बसवा म्हणून तिने प्रिन्सिपॉलला रडकुंडीला आणलं होतं. मंडळाच्या गणपतीत सावनीला लेझीमच्या पथकात घ्या, कोपऱ्यात उभं करू नका, पहिल्या रांगेत घ्या, म्हणून दोन अध्यक्षांशी तिने कायमचा अबोला धरला होता. फायलींचं एक अख्खं कपाट भरलं होतं. आणि मोनाने काय केलं होतं? आसावरी ऑस्टिनला नाहीतर डॅलसला हक्कांच्या मीटिंगांना जायची, तेव्हा मंगळवारी आणि गुरुवारी दोन-दोन तास सावनीला घरात बसवून घेतलं होतं. बस्स.

“दोघींची नावं टाकता येतात का बघ ना,” शंतनू म्हणाला.

“मला कुणाच्या शेजारी बसवू नकोस तू,” आसावरी कडाडली. शंतनू कप विसळायला उठला तो बराच वेळ विसळत राहिला.

तिचा नुसता जळफळाट झाला. तो ती लपवतही नव्हती. दुपारी तिने वकिलाचा नंबर शोधून ठेवला. अजून कोर्टात जाता येत होतं. एक अर्ज केला की सावनीच्या सहीला काही किंमतच उरणार नव्हती, आणि मग मोनामावशीही नाही नि कागदही नाही. भाषणाचं काय करायचं ते नंतर बघता आलं असतं.

संध्याकाळी मोनाचा एक रिकामा डबा सापडला. तेवढं निमित्त पुरलं.

मोनाने दार उघडलं. घरभर मसाल्याचा वास. गॅसवर लालभडक तर्री रटरटत होती. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कोथिंबिरीच्या चार जुड्या सोडल्या होत्या.

“या न आसावरीताई, बसा न. अर्धी सावनीने निवडली परवा, अर्धी राहून गेली.”

“एवढ्या जुड्यांना किती वेळ लागतो तिला?”

“दोन तास,” मोना म्हणाली. “घाई कुठे आहे?”

आसावरीने डबा जरा जोरातच ठेवला. “तिने तुझं नाव सांगितलं. तुला माहीत होतं?”

मोनाचा चेहरा पडला. “मी नाही म्हटलं होतं, ताई. आईचं नाव टाक, आई किती करते तुझ्यासाठी, असं म्हटलं मी तिला.”

“मग?”

मोना कोथिंबिरीची एक काडी निवडू लागली.

“बोल ना यार मोना!”

“‘ममा इज फास्ट,’ म्हणाली.”

आसावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फास्ट! फास्ट नसती तर ही पोर आज कुठे असती? “आणखी काय काय सांगते ती तुला?”

“सांगते बरंच. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगू नको म्हणाली.”

“मी तिची आई आहे!”

“म्हणून तर,” मोना हळूच म्हणाली. “तिलाच विचारा न, ताई. मी सांगितलं तर कागदावर नाव कशाला माझं?”

आसावरीला तिचं हे बोलणं अगदी बरोबर वाटलं, आणि म्हणूनच तिचा जास्त संताप झाला. आपल्या पोटच्या पोरीचं गुपित या बाईच्या कोथिंबिरीत दडलेलं, आणि आपण दारात उभ्या! जायला वळताना गॅसकडे बघत ती म्हणाली, “आणि तिला हे असलं काही देऊ नकोस. तिखट चालत नाही तिला.” मोनाने मान डोलावली नाही की हलवलीही नाही.

रविवारी आसावरीने वकिलाला ईमेल लिहिली आणि पाठवली नाही. दोनदा लिहिली, दोनदा पुसली. आपण किती मोठ्या मनाच्या आहोत असं वाटून नव्हे. मंडळाच्या पहिल्या रांगेत बसलेली सावनी आठवायची, आणि बोट थांबायचं.

सोमवारी दुपारी शाळेत सही होती. सावनीच्या शाळेतल्या शिक्षिका, पांढऱ्या केसांच्या शांत बाई, एक साक्षीदार होत्या. दुसरा साक्षीदार शंतनू होणार होता, पण त्याला ऑफिसने अडकवलं. “तू कर ना सही साक्षीदार म्हणून,” तो फोनवर म्हणाला. नवऱ्याला कधी काय सुचेल याचा नेम नाही. मोना आतल्या रस्त्याने वीस मैलांच्या वेगाने गाडी चालवत आली होती, दहा मिनिटं उशिरा, घामाघूम.

बाईंनी इंग्रजीत सावनीला विचारलं, “मोनाची मदत तुला सगळ्यात आधी कशासाठी हवी आहे?”

सावनीचे ओठ हलले. आसावरीच्या तोंडात तीन उत्तरं तयार होती: कॉलेजचा कोर्स, डेंटिस्ट, लायब्ररीतलं काम. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मोना खाली मान घालून पर्सची चेन चाचपत होती. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फिरला.

“टू टेल ममा,” सावनी म्हणाली. मग आईकडे वळली. “लेझीम नको.”

“काय?”

“लेझीम नको, ममा. टू लाउड. माझे कान दुखतात.” पुन्हा थांबली. मोना हलली नाही. “मला वाढायचंय. जेवणाच्या लाइनमध्ये. भात.”

आठ वर्षं. दोन अध्यक्ष. दर गणपतीत पहिली रांग, आणि मोबाइल उंच धरून शूटिंग करणारी आसावरी. त्या सगळ्या व्हिडिओंत सावनीचा चेहरा कसा असतो, हे तिला आत्ता, या खोलीत आठवलं. ‘लाजते ती स्टेजवर,’ असं ती सगळ्यांना सांगत आली होती. आणि हे मोनाला ठाऊक होतं. मंगळवार-गुरुवारी, जुड्या निवडता निवडता कळलं होतं. आसावरीला मुलीचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंच, पण त्याच्याही आधी मोनाचा हेवा वाटला, आणि आपल्याला आधी तो वाटावा याची तिला शरम वाटली.

सावनीने सही केली. सहा अक्षरं इंग्रजीत, सावकाश. मोनाने केली. मग कागद आसावरीपुढे आला. पेन्सिलीतलं तिचं नाव खोडलेलं होतं, पण उन्हात धरलं तर दिसलं असतं. त्यावर शाईने मोनाचं नाव होतं. आसावरीने खाली साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहिलं. पेन इतकं दाबलं, की मागच्या पानावर उमटलं.

परतताना गाडीत दोघीच होत्या. पहिल्याच सिग्नलला लाल दिवा लागला.

“भूक लागली? काय खाणार?” आसावरीने विचारलं. ‘चीज पिझ्झा’ अगदी ओठांवर आलं होतं. तिने दातांखाली ओठ धरला. दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. आसावरीने गाडी पुढच्या पेट्रोल पंपावर घेतली आणि उभी केली.

“तर्री पोहे,” सावनी म्हणाली. “मोनामावशीकडचे.”

आसावरीच्या घरी दर रविवारी पोहे होत. पांढरे, लुसलुशीत, वर खोबरं आणि लिंबू, हिरवी मिरची अजिबात नाही. काल सकाळीच सावनीने दोन घास खाऊन बशी सरकवली होती.

“विचारूया का तिला, चालेल का म्हणून?” आसावरी म्हणाली.

“मी विचारते.” सावनीने स्वतःचा फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला. “मोनामावशी, आम्ही दोघी येतोय. तर्री पोहे.” थोडं थांबली, आईकडे पाहिलं, आणि समजूतदारपणे पुढे सांगितलं, “ममाला पांढरे दे. ममाला तिखट चालत नाही.”

आसावरी सोलापूरची. तिला जिभेला चटका बसेल असं तिखट आवडायचं. सावनीसाठी म्हणून त्या घरात अठरा वर्षं फिकं शिजत होतं. ती सांगायला गेली, पण तोवर सावनीने फोन ठेवूनसुद्धा दिला होता.