गाव : कारवार

मित्रांनो, मुलुंडच्या एका माळ्यावर धूळ खात पडलेला जुना मराठी टाइपरायटर मी. माझ्या हातून एकदा एक शब्द चुकीच्या चौकटीत पडला. चोरी नाही, मारामारी नाही, नुसता एक शब्द. तो मला अजून खुपतो.

माझा जन्म विक्रोळीच्या कारखान्यातला. लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या विद्याधर मास्तरांनी मला घाटकोपरला एका सरकारी कचेरीबाहेर, ताडपत्रीखाली मांडलं. लोक म्हणायचे, "काय झकास अक्षर आहे हो!" मी फुलून जायचो. लग्नाचे, रेशनचे, नोकरीचे किती अर्ज माझ्यातून गेले!

मग १९८३ साली नवा नियम निघाला. सरकारी मंडईतले गाळे फक्त राज्याच्या रहिवाशांना. बाकीच्यांनी नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उठायचं. सगळ्यांनी नव्यानं अर्ज करायचे होते. रांगेत मसाल्याच्या गाळ्याची सुगंधा आली. मास्तरांनी सवयीनं विचारलं, "गाव?"

"कारवार," ती म्हणाली.

मास्तरांची बोटं चालली. 'कायमचे वास्तव्य' या चौकटीत मी कारवार उमटवलं. ठसठशीत. कारवार कर्नाटकात.

महिन्यानं ती नोटीस घेऊन आली. 'परराज्यातील. गाळा रिकामा करावा.'

"मास्तर, वाट लावलीत ना माझी! जन्म घाटकोपरचा, शाळा इथली, लग्न इथलं. कारवारला दोनदा गेले, तेही जत्रेला!"

"मग कारवार का सांगितलंस गं?"

"गाव विचारलंत ना? मग गावच सांगणार! मुंबई कधी कुणाचं गाव असतं का? आणि आमचे बाबा आले तेव्हा कारवारही मुंबई राज्यातच होतं. आम्ही नाही हललो, सरहद्द हलली."

मास्तरांचा चेहरा उतरला. "जन्माचा दाखला आण. एका कागदात दुरुस्त करतो."

दुसऱ्या दिवशी तिनं दाखला आणला. कागद माझ्यात चढला. तेवढ्यात तिच्या मागून शेजारच्या गाळ्यातली द्रौपदी पुढे आली. नवरा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी कारवारहून आलेली, आमसुलं विकणारी. तिच्याही हातात तीच नोटीस.

"माझा दाखला कारवारचाच, मास्तर. माझं काय?"

सुगंधानं माझ्यातला कागद ओढून काढला. टरकन आवाज झाला.

"अगं, वेडी की काय! तुझं काम होतंय ना!" मास्तर ओरडले.

"हिला उठवून मी एकटी बसू? दुपारचा डबा कोणासमोर उघडू?"

मास्तरांनी तिच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "देशात कुठंही राहायचा, कुठंही धंदा करायचा हक्क घटनेनं दिलाय. सरकारला वाजवी बंधनं घालता येतात, हे खरं. पण पलीकडच्या राज्यातली म्हणून ऊठ, हे कसलं वाजवी? क्षमाताई वकिलांकडे जाऊ. कोर्टात लढू."

"जिंकू?" द्रौपदीनं विचारलं.

मास्तरांनी माझ्यात कोरा कागद चढवला.

अर्ज मी टाइप केला. जीव ओतून. पण कोर्टाला तारखा असतात, पोटाला नसतात. पंधराव्या दिवशी दोघींची पोती फूटपाथवर आली. पावसात मिरचीला बुरशी धरली. दोघी दिवसभर पोती उलटी-पालटी करायच्या. द्रौपदी गुणगुणायची,

जलम एका गावी, पोट दुज्या गावी गं
विचारी दारवान, बाई, तू कुठली गं

एका सकाळी ती आली नाही. भाडं थकलं म्हणून खोली सोडून कारवारला परत गेली होती.

दीड वर्षानं निकाल लागला. नियम रद्द. दोन्ही गाळे परत! सुगंधा धावत आली. "मास्तर, आधी पत्र लिहा!" मी पोस्टकार्डावर उमटवलं, 'द्रौपदी, गाळा मिळाला. लगेच ये.'

बारा दिवसांनी कार्ड परत आलं. त्यावर पोस्टमननं लिहिलं होतं, 'या पत्त्यावर राहत नाही.'

सुगंधा ते कार्ड उलटं-सुलटं करत राहिली. "तिथंही नाही? मग बाई गेली कुठं?"

आणखी तीन कार्डं मी टाइप केली. तीही परत आली.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात पेन येईल, शिक्का येईल, खुर्ची येईल. चौकट भरताना, नियम काढताना घाई करू नका रे. समोर उभ्या बाईला नीट ऐका, दोनदा विचारा. माझ्यासारख्याचं अक्षर खोडता येतं. पण उठवलेलं माणूस मागून कितीही हाका मारल्या तरी सापडतंच असं नाही.