जड पाण्याची वाफ

बोग्नाने हातातली काचेची नळी टेबलावर अशी आदळली, की तिचं टोक उडालं.

"येरेमीने बनवून दिलेली काच ओली होती?"

प्रोफेसर राडव्हान चष्मा पुसत राहिले. "डीनना तसं कळवलंय. म्हातारा हलगर्जी झालाय. बसू दे आता घरी."

वॉर्साच्या त्या प्रयोगशाळेत दोघं दोन वर्षं एकच फरक मोजत होते. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन काढून त्याचा जड भाऊ बसवला, म्हणजे जड पाणी केलं, की आतल्या ऑक्सिजनला चुंबकापासून झाकणारं इलेक्ट्रॉनांचं कवच केसभर बदलतं. मोजायचं ते वाफेत. तिथे रेणू शेजाऱ्यांपासून सुटा असतो. पण काचेच्या अंगाला साधा हायड्रोजन चिकटून बसलेला असतो. नळी आधी जड पाण्याने विसळली नाही, तर अदलाबदल होऊन आकडा फसतो. त्यांचा फसला होता, आणि ते कळलं छापून आल्यावर.

"विसळण्यात जड पाणी वाया घालवू नकोस, असं एप्रिलमध्ये तुम्हीच म्हणालात."

"लेखी आहे तुझ्याकडे?"

बोग्नाच्या अंगाची लाहीलाही झाली. ती तशीच जिना उतरून तळघरात गेली. काचकाम करणारा येरेमी ज्योतीवर एका नळीचं तोंड मिटवत होता.

"काका, वर चला. तोंडावर सांगा त्यांना. बत्तीस वर्षं राबलात, आणि खापर तुमच्या माथी?"

येरेमीने नळी पूर्ण मिटवली, मगच ज्योत बारीक केली.

"काच मी कोरडीच दिली होती, डॉक्टरबाई."

"मग तेच सांगा ना! गप्प का बसता?"

"विसळू नका हे मला नाही सांगितलं कुणी. तुम्हाला सांगितलं." तो गार झालेली नळी उजेडात फिरवून पाहू लागला. "आणि तुम्ही ऐकलंत."

तिला त्याचाही संताप आला. दार आपटून ती वर आली आणि टाइपरायटरपुढे बसली. दोनदा कागद टराटरा फाडला. तिसरा, डीनच्या नावाचा, नेऊन प्रोफेसरांपुढे टाकला.

'नळ्या न विसळता भरल्या. काचेत दोष नव्हता. भरणारी मी.' खाली तिची सही.

राडव्हाननी तो दोनदा वाचला. त्यांचा आवाज खाली आला.

"यात माझं नाव नाही."

"नाही," बोग्ना म्हणाली. "सहीखाली जागा सोडलीय."

आणि तिने पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्यापुढे ठेवलं.